राग, भीती आणि नैराश्य: छळातून सावरताना कोणते पुस्तक आधी वाचावे?

छळ सोसलेल्या स्त्रीच्या हाती या विषयावरचे पहिले पुस्तक येते, तेव्हा बहुधा तिने कोणालाही काही सांगितलेले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याची नोंद आहे. पुस्तकाला नावगाव सांगावे लागत नाही, ते ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे बजावत नाही आणि नको वाटले तर मिटून ठेवता येते. म्हणून अनेकींच्या आयुष्यात ते समुपदेशकाच्या आधी येते. अडचण अशी की या विषयावरची नावाजलेली पुस्तके काही ठिकाणी एकमेकांच्या चक्क विरोधात सल्ला देतात, आणि अवेळी हाती आलेले चांगले पुस्तकही वाचणारीलाच दोषी ठरवू शकते. पुढची तुलना घरातल्या छळातून किंवा बालपणीच्या लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्या प्रौढ स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. ही पुस्तके मी आधी स्वतःच्या गरजेपोटी वाचली आणि नंतर इतर बायकांना वाचायला दिली, तेव्हा मते माझी आहेत आणि ती तटस्थ असल्याचा माझा दावा नाही.

निवड करताना अनुक्रमणिका चाळण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: छळ करणारा माणूस आजही त्याच घरात आहे का? या एका प्रश्नावर तेच पुस्तक औषध ठरते किंवा अपथ्य.

डेव्हिड बर्न्स या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांचे ‘फीलिंग गुड’ 1980 साली प्रसिद्ध झाले. मनातले चुकीचे विचार तपासून उदासी कमी करण्याची अॅरन बेक या मनोविकारतज्ज्ञांची उपचारपद्धती त्यात घरच्या घरी करता येईल अशी मांडली आहे. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात मनात आपोआप आलेला विचार लिहायचा, दुसऱ्यात त्या विचारातली गफलत आणि तिसऱ्यात वस्तुस्थितीला धरून दिलेले उत्तर. उदाहरणार्थ, पहिल्या रकान्यात ‘पोळी करपली, मला काहीच धड जमत नाही’. दुसऱ्यात ‘एका चुकीवरून सगळ्याचा निकाल’. तिसऱ्यात ‘आज बारा पोळ्या केल्या, त्यातली एक करपली, कारण मध्येच दाराची बेल वाजली’. नुसते वाचताना हे पोरकट वाटते. आठवडाभर लिहिल्यावर मात्र लक्षात येते की पहिल्या रकान्यातली निम्मी वाक्ये आपली नाहीतच. ती वर्षानुवर्षे कानावर पडलेली दुसऱ्या कोणाची तरी वाक्ये आहेत, आणि त्यांचा सूरसुद्धा त्याच माणसाचा आहे.

आता त्याच पहिल्या रकान्यात ‘आज तो पिऊन आला तर पुन्हा हात उचलेल’ असे लिहून पाहावे. बर्न्स यांनी सांगितलेल्या दहा गफलतींमध्ये घाईने निष्कर्ष काढणे ही एक आहे, आणि पुढे वाईटच होणार असे भाकीत करणे हा तिचाच एक प्रकार आहे. स्वतःच्या निर्णयावरचा विश्वास गमावलेली वाचक आपले वाक्य त्या खान्यात बसवते आणि ‘मीच उगाच घाबरते’ असे उत्तर तिसऱ्या रकान्यात लिहून मोकळी होते. वास्तविक ते वाक्य म्हणजे दहा वेळच्या अनुभवावरून काढलेला अंदाज असतो. अशी भीती खोडून काढायची नसते. ती ऐकून थोडे पैसे, आधार कार्ड, मुलांचे दाखले आणि रात्री दार उघडणारी एखादी शेजारीण यांची तजवीज करायची असते. बर्न्स यांचे पुस्तक वाईट आहे असे मी म्हणत नाही, ते मुळात नैराश्यासाठी लिहिलेले आहे; पण धोका टळलेला नसताना भीतीवरचा उपाय म्हणून ते वाचू नये, हे मी ठामपणे सांगेन.

भीतीसाठी त्याच्या शेजारी ज्युडिथ हर्मन यांचे 1992 सालचे ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ ठेवून पाहावे. हर्मन याही मनोविकारतज्ज्ञ. युद्धावरून परतलेले सैनिक, कैदेतून सुटलेले लोक आणि घरात मार खाल्लेल्या बायका यांच्या लक्षणांत किती साम्य असते हे त्यांनी दाखवले, आणि सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरे जाणे आणि गमावलेल्याचा शोक करणे, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नाते जोडणे. पहिला टप्पा पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, हा त्यांचा आग्रह मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दीर्घकाळच्या छळातून होणाऱ्या गुंतागुंतीच्या आघाताविषयी त्यांनी जे मांडले, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. तरीही हे सोपे वाचन नाही. पुस्तक उपचारकांनाही उद्देशून लिहिलेले आहे, त्यात करून पाहण्यासारखे अभ्यास नाहीत आणि पूर्वार्धातली वर्णने झोप उडवणारी आहेत. म्हणून मी ते देताना उत्तरार्धातल्या सुरक्षिततेच्या प्रकरणावर खूण घालून देते आणि सुरुवात तिथून करायला सांगते.

रागाच्या बाबतीत पुस्तकांमधला मतभेद सर्वांत तीव्र आहे, आणि आपल्याकडे तर राग या शब्दाभोवतीच घोळ आहे. ‘त्याचा राग फार वाईट’ असे म्हणताना आपण मारहाणीला स्वभावदोष ठरवतो, आणि ‘तुझा राग आवर’ असे म्हणताना मार खाणारीला उपदेश करतो. लंडी बॅन्क्रॉफ्ट यांचे ‘व्हाय डज ही डू दॅट?’ (2002) हा घोळ सोडवते. छळ करणाऱ्या पुरुषांसोबत अनेक वर्षे काम केलेल्या या लेखकाचे म्हणणे असे की छळाचे मूळ अनावर रागात नसते. बायकोवर आपला हक्क आहे या समजुतीत असते. रागाच्या भरात वस्तू फोडणारा माणूस बहुतेक तिच्याच वस्तू फोडतो, स्वतःच्या सांभाळून ठेवतो, हे त्यांचे निरीक्षण वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक खाली ठेवले होते. ‘माझे काय चुकले’ या प्रश्नात अडकलेल्या स्त्रीला हे पुस्तक मोकळे करते. तिच्या स्वतःच्या रागाचे किंवा रात्रीच्या रडण्याचे काय करायचे हे मात्र त्यात फारसे मिळत नाही, कारण त्याचा विषय तो आहे, ती नव्हे. एक कमतरता आपल्या बाजूची: त्यातल्या घरात नवरा-बायको दोघेच असतात. सासू, दीर, नणंद आणि ‘नांदायला परत जा’ म्हणणारे माहेर यांची बेरीज वाचणारीलाच करावी लागते.

तिच्या रागाची बाजू घेणारे पुस्तक म्हणजे एलन बास आणि लॉरा डेव्हिस यांचे 1988 सालचे ‘द करेज टु हील’. बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठी ते लिहिलेले आहे, आणि त्यात रागाला सावरण्याचा कणा म्हटले आहे. अत्याचार करणाऱ्याला क्षमा करणे सावरण्यासाठी आवश्यक नाही, हेही ते स्पष्ट सांगते. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे वाक्य मामा-काकांच्या तोंडून ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला या पानांवर पहिल्यांदा कोणीतरी आपल्या बाजूने बोलल्यासारखे वाटते. परंतु याच पुस्तकावर गंभीर आक्षेपही आहेत, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. दोन्ही लेखिका मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या नव्हत्या. एक कवयित्री आणि लेखनशिक्षिका, दुसरी तिची विद्यार्थिनी आणि स्वतः अत्याचार सोसलेली. स्पष्ट आठवण नसली तरी लक्षणांवरून अत्याचार झाला असे मानता येते, असा सूर पहिल्या आवृत्तीत होता आणि त्यावरून अमेरिकेत 1990 च्या दशकात मोठा वाद झाला. पुढच्या आवृत्त्यांत लेखिकांनी टीकेची दखल घेतली. जिला आपल्यावर काय झाले ते नीट आठवते, तिच्यासाठी पुस्तकाचे बळ कमी होत नाही. जिला फक्त शंका आहे, तिने ते एकटीने वाचून निष्कर्ष काढू नये. शिवाय यातला राग व्यक्त करण्याचा सल्ला, विशेषतः समोरासमोर जाब विचारण्याचा पर्याय, वेगळ्या घरात, स्वतःच्या कमाईवर राहणाऱ्या स्त्रीला परवडतो. त्याच छताखाली राहणारीला तो महागात पडू शकतो.

मराठीत रागाविषयी हाती येते ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार विवेकाने तपासून बदलण्याच्या पद्धतीवर, ते आधारलेले आहे, आणि मराठीतून असल्यामुळे शब्दांशी झटापट करावी लागत नाही. एलिस यांच्या पद्धतीत इच्छा आणि हट्टाची मागणी यांत फरक केला जातो; आपल्या भाषेत हा फरक एका ‘च’मध्ये मावतो. ‘सासूने मला समजून घ्यावे’ ही इच्छा, ‘घेतलेच पाहिजे’ ही मागणी. रोजच्या चिडचिडीसाठी हा ‘च’ शोधण्याचा सराव खरोखर कामाचा आहे. पण ‘त्याने मला मारायलाच नको होते’ या वाक्यातला ‘च’ काढायला कोणी सांगितले, तर मी ऐकणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसेत मोजला आहे, तेव्हा त्या ‘च’च्या मागे देशाचा कायदा उभा आहे. एलिस यांची पद्धत चूक खपवून घ्या असे म्हणत नाही, हे मान्य. तरी थकलेल्या मनाने वाचले की तसा अर्थ निघू शकतो. म्हणून हे पुस्तक घर सुरक्षित झाल्यानंतरच्या काळात वाचावे.

नैराश्याबाबत मात्र निवड सोपी आहे. धोका टळला असेल तर बर्न्स यांचे पुस्तकच घ्यावे. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या वयस्क लोकांना ते वाचायला देऊन 1980 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत चाचण्या झाल्या आणि वाचणाऱ्यांची लक्षणे कमी झाली; त्या वाचकांना दर आठवड्याला विचारपूस करणारा एक छोटा फोन जात असे, हा तपशील मला पुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्यांना एवढे जाड पुस्तक पेलवत नाही, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 सालची ‘डुइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस’ ही चित्रमय पुस्तिका मोफत उपलब्ध आहे. ती ज्या कार्यक्रमातून आली, त्याची चाचणी युगांडातील छावण्यांमध्ये राहणाऱ्या दक्षिण सुदानच्या निर्वासित स्त्रियांवर झाली होती. कुकरच्या शिटीनेही दचकणारीने तिचा पहिला भाग करून पाहावा: मनात काय चालले आहे ते ओळखायचे, तळपाय जमिनीवर दाबायचे, मग समोर काय दिसते आणि काय ऐकू येते ते एकेक करून टिपायचे. तीन-चार मिनिटांचे काम आहे, आणि ते ओट्यापाशी उभ्याउभ्या होते. मात्र जगणे नकोसे वाटत असेल, झोप आणि जेवण दोन्ही सुटले असेल, तर कोणतेही पुस्तक पुरे पडणार नाही. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येते. मारहाणीच्या वेळी 112 किंवा महिलांसाठीचा 181 हे क्रमांक आहेत.

छळ चालू असताना पुस्तक घरात कुठे ठेवायचे, हा प्रश्न निवडीइतकाच खरा आहे. बॅन्क्रॉफ्ट यांच्या पुस्तकाचे नावच इतके बोलके आहे की मुखपृष्ठ दिसले तरी भांडण होऊ शकते. मी एकीला ते तपकिरी कागदाचे कव्हर घालून, वर ‘भरतकाम’ असे लिहून दिले होते. तिने ते घरी नेलेच नाही, कामाच्या ठिकाणी खणात ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत पाच-सहा पाने या हिशेबाने दोन महिन्यांत संपवले. फोनवर वाचणे सोपे वाटते, पण फोन नवरा उघडून पाहत असेल तर डाउनलोड आणि शोधाचा इतिहास दोन्ही दिसतात. तीन रकान्यांची वही तर पुस्तकापेक्षा धोक्याची, कारण तिच्यात आपले अक्षर असते. अशा वेळी मुंबईत पोलिसांसोबत 1984 पासून चालू असलेला आणि पुढे राज्यभर गेलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, किंवा वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेले, हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीचे ‘दिलासा’ केंद्र, अशा ठिकाणी बसून बोलणे हे वाचनापेक्षा सुरक्षित असते.

माझ्यापुरता क्रम असा आहे. माणूस अजून घरात असेल तर बॅन्क्रॉफ्ट आणि हर्मन यांचे सुरक्षिततेचे प्रकरण, एवढेच. घर सुटले आहे पण अंगातली भीती सुटलेली नाही, तर आधी ती चित्रमय पुस्तिका आणि मग हर्मन यांचे बाकीचे पुस्तक. उदासी वरचढ असेल तर बर्न्स, पेन आणि वहीसह. बालपणीचा अत्याचार नीट आठवतो आणि राग आता पृष्ठभागावर येऊ लागला आहे, तर ‘द करेज टु हील’, शक्यतो नवी आवृत्ती आणि शक्यतो कोणीतरी जाणते माणूस सोबत असताना. तेही आठवणींच्या प्रकरणापाशी न थांबता थेट रागाच्या प्रकरणापासून.