दुचाकीवरचा जीपीएस: नऊ महिने, एक अख्खा पावसाळा

मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकान रत्नागिरीत, पण नुसतं दुकानात बसून भागत नाही. काटा बिघडला की गिऱ्हाईक तो उचलून आणत नाही, मलाच जावं लागतं. काजूचे कारखाने, रेशन दुकानं, हापूसच्या पेट्या भरणारे बागायतदार, हर्णैपासून देवगडपर्यंतची मासळी बंदरं. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर होतात. गाडी युनिकॉर्न, मागे प्रमाणित वजनांची पेटी बांधलेली. हे आधीच सांगतो, कारण दुचाकीवर रस्ता दाखवणाऱ्या या जीपीएस यंत्रांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक लेह-लडाखला जाणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. माझं लडाख म्हणजे संगमेश्वर तालुक्यातली एखादी वाडी, तीही भर जुलैत.

आधी फोनच वापरायचो, हँडलला क्लॅम्प लावून. त्याचे तीन वैताग. मे महिन्यात दुपारी भाट्याच्या पुलावर फोन इतका तापायचा की पडदा काळा करून स्वतःच झोपायचा. पावसात प्लास्टिकच्या पिशवीवर थेंब पडले की त्याला वाटायचं बोटच लागलं. रस्ता सांगायचं सोडून त्याने एकदा आमच्या सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. आणि तिसरं, कॅमेरा गेला. हे मला खोटं वाटायचं, पण ॲपलने स्वतः 2021 साली सांगितलं आहे की मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलवरून फोनपर्यंत पोचत राहिली तर कॅमेऱ्यातली हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि ऑटोफोकस बिघडू शकतो. माझा फोन ॲपलचा नव्हता, पण थरथरीला ब्रँड कळत नाही. फोटो धुरकट यायला लागले आणि काट्याच्या पाटीवरचा नंबर टिपता येईना, तेव्हा शिमग्याच्या आधी मी यंत्र शोधायला लागलो.

शोधताना पहिला घोळ झाला तो 'किती उपग्रह पकडतो' या प्रश्नात. विकणारे तेच सांगतात: जीपीएस आहे, रशियाचा ग्लोनास आहे, युरोपचा गॅलिलिओ आहे. आपल्या इस्रोची नाविक यंत्रणाही आहे, पण माझ्या यंत्राला ती कळत नाही, आणि नऊ महिन्यांत त्यावाचून काही अडलेलं नाही. जागा काढायला चार उपग्रह पुरतात आणि उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, ते कधीही मिळतात. चूक पाचेक मीटरची. सुपारीच्या आगरात किंवा आंबा घाटाच्या कड्याखाली ती वाढते, कारण लहरी कड्यावर आपटून उशिरा पोचतात आणि यंत्राला आपण आहोत त्यापेक्षा भलतीकडेच वाटतो. पण पाच मीटरच्या जागी वीस झाले म्हणून माझा काजू कारखाना चुकत नाही. मला वाट चुकवली ती दर वेळी नकाशाने. माझ्याच धंद्यातलं सांगायचं तर काटा बरोबर होता, पाटीवर लिहिलेला भाव चुकीचा होता.

म्हणून घेताना चार गोष्टींवर अडून बसलो. पडदा एप्रिलच्या उन्हात दिसला पाहिजे. ओल्या हातमोज्याने चालला पाहिजे. नकाशा यंत्रातच हवा, म्हणजे नेटवर्क नसलं तरी काम थांबायला नको. आणि कंपनीचा सोडून दुसरा नकाशा मेमरी कार्डवरून घालता आला पाहिजे. ही शेवटची अट दुकानदारांना कळतच नव्हती. गार्मिन आणि टॉमटॉम हे दोघे खास दुचाकीसाठी यंत्रं करतात, शिवाय काही रॉयल एनफील्डवर तो छोटा गोल ट्रिपर येतो. पण ट्रिपरला फोन जोडावा लागतो, म्हणजे फिरून गाडं फोनवरच. शेवटी पुण्यातल्या एका रायडरकडून वापरलेलं यंत्र 24,000 रुपयांना घेतलं. कुठल्या कंपनीचं ते मुद्दाम लिहीत नाही, पुढे थोडं रडगाणं आहे.

पहिल्या दिवशी मी ते अंगणात नारळाखाली धरून पाच मिनिटं उभा राहिलो आणि शिव्या घातल्या. नंतर कळलं की बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला आधी आकाश 'वाचावं' लागतं. प्रत्येक उपग्रह आपलं नेमकं स्थान दर तीस सेकंदांनी सांगत असतो, पण सगळ्यांची यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उचलतो, म्हणून तो हुशार वाटतो. यंत्र गच्चीवर ठेवा, चहा प्या, परत या.

वायरिंगकडे मात्र लक्ष द्या. चार्जरचं साधं सॉकेट लावू नका. आपल्या खाऱ्या हवेत त्यावर दोन महिन्यांत हिरवं चढतं. मी बॅटरीपासून फ्यूज घालून वायर काढली आणि मध्ये रिले टाकला. किल्ली फिरवली की यंत्र सुरू, काढली की बंद. जोडाला ग्रीस. ब्रॅकेटचे स्क्रू पहिल्या महिन्यात दोनदा सैल झाले, तेव्हा त्यांच्या आट्यांवर लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, थेंब टाकला. तेव्हापासून हललेले नाहीत.

एप्रिल-मे सुरेख गेले. उन्हात पडदा वाचता येतो, हे एवढ्यासाठीही पैसे वसूल झाले असं तेव्हा वाटलं. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग असा किनाऱ्याकिनाऱ्याने देवगडला गेलो तेव्हा एकदाही थांबून कुणाला विचारावं लागलं नाही. फक्त त्याचे उच्चार! बाई इंग्रजीत बोलते. 'राजापूर' तिच्या तोंडून ऐकलं की राजा खरोखरच गरीब वाटायला लागतो. दुसऱ्या आठवड्यात आवाज बंद केला, आता नुसतं बघतो.

याच काळात माझी एक फजिती झाली, ती यंत्राची चूक नव्हती. जयगडच्या एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर जागेचे आकडे पाठवले, 17.2870 असे. मी ते यंत्रात घातले 17 अंश 28.70 मिनिटं म्हणून. यंत्र मिनिटं मागत होतं आणि मी दशांश दिले. एका अंशाची साठ मिनिटं, त्यामुळे उत्तरेकडेच वीसेक किलोमीटरचा फरक पडला आणि ठिकाण गेलं खाडीपलीकडे गुहागर तालुक्याच्या अंगाला. यंत्राने मला निमूट जयगडच्या जेट्टीवर आणून तवसाळच्या फेरीबोटीच्या रांगेत उभं केलं. तेवढ्यात फोन आला, "अहो काटेवाले, आत्ताच आमच्या दारावरून गेलात ना?" सेटिंगमध्ये जाऊन दशांश अंश निवडा, पहिल्याच दिवशी.

फेरीबोटींचं प्रकरण आपल्याकडे वेगळंच आहे. दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या बोटी नसतील तर किनाऱ्याने जाणं म्हणजे प्रत्येक खाडीला वळसा. यंत्र बोटीला रस्ताच समजतं. शेवटची बोट केव्हा सुटते ते त्याला ठाऊक नाही. दाभोळला एका संध्याकाळी पोचलो तेव्हा पडद्यावर धोपावे अगदी हाताशी दिसत होतं आणि समोर रिकामी जेट्टी. रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभराच्या वर किलोमीटर. रात्र दाभोळात काढली, चंडिकेच्या गुहेत सकाळी दर्शन झालं, एवढाच फायदा. आता दिवस कलला की 'फेरी टाळा' हे सेटिंग चालू करतो.

मग पाऊस. इथे यंत्राने फोनला खरंच मागे टाकलं. थेंबांना यंत्र बोट समजत नाही, हातमोजा ओळखतो, आणि कुठल्याही पिशवीशिवाय जून-जुलै त्याने काढले. सड्यावर नेटवर्कची एक काडी नसताना नकाशा तसाच पुढे सरकतो, तेव्हा पावसात एकट्या माणसाला केवढा धीर येतो! फोन रेनकोटच्या आत कोरडा, पूर्ण चार्ज, अडीअडचणीला. दरड कोसळल्याचं कळलं की आडव्या वाटा शोधायलाही यंत्र बरं, पण दरड कोसळली आहे हे मात्र ते सांगत नाही. ते सांगतो समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर, हात हलवून.

जुलैतच नकाशाने मला खरा हिसका दाखवला. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत रेशन दुकानाचा काटा बघायला निघालो होतो. यंत्रात 'सर्वात जवळचा रस्ता' निवडलेला. घराघरांमधून उतरणाऱ्या वाटेवर त्याने मला वळवलं, वीस फूट गेलो आणि पुढचं चाक धाडकन खाली. पाखाडी! चिऱ्याच्या पायऱ्या, वर शेवाळ, मागे चाळीस किलो वजनांची पेटी. पडवीतून एक आजी ओरडल्या, "अरे बाबा, गाडी कुठं नेतोस? खाली व्हाळ वाहतोय." त्यांच्या नातवाने आणि मी मिळून गाडी मागे ओढली. काळा चहाही झाला. नकाशात ती पाखाडी साध्या रस्त्यासारखी दाखवलेली होती, आणि व्हाळावरचा साकवही (ओढ्यावरचा छोटा पूल). त्या साकवावरून माणूस जेमतेम जाईल.

त्या रात्री मी कंपनीचा नकाशा बाजूला ठेवला आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेला नकाशा कार्डवर घातला. हा लोकांनी बनवलेला नकाशा, 2004 पासून चालू आहे, चूक दिसली तर आपणच दुरुस्त करायची. तोही काही सोवळा नाही. त्यातही पाखाड्या रस्ता म्हणून टाकलेल्या सापडल्या. पण इथे पायऱ्यांसाठी वेगळी खूण आहे, ती लावली की यंत्र तिकडे गाडी घालत नाही. पावसाळाभर रोज रात्री जेवण झालं की दोन-तीन वाटा दुरुस्त करायचा नादच लागला. बायको म्हणाली, आता काटे सोडून पाखाड्या मोजा. कशेडीचा बोगदा कंपनीच्या नकाशात नव्हता, बोगद्याच्या तोंडाशी बाण जंगलात फिरायचा. नव्या नकाशात तो होता.

आता रडगाणं. ऑगस्टच्या शेवटी चार्जिंग बंद. यंत्र ज्यात बसतं त्या पाळण्याच्या पितळी पिनांवर हिरवं चढलं होतं आणि मागच्या रबरी झाकणातून ओल आत गेली होती. खोक्यावर आयपीएक्स 7 लिहिलेलं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती परीक्षा स्थिर, गोड्या पाण्यातली. साठच्या वेगाने समोरून येणारा पाऊस आणि समुद्राचं मीठ ही परीक्षा त्यात नाही, आणि रबर तर जुनं झालेलं. सेवा केंद्राने तीन आठवडे ठेवून घेतलं आणि 'पाणी गेलंय, दुरुस्त होणार नाही' अशा चिठ्ठीसकट परत केलं. ऐन गणपतीत, मुंबईकरांच्या गाड्यांनी महामार्ग तुंबलेला असताना, मी यंत्राविना. शेवटी घरीच उघडलं. काट्याचे लोडसेल (वजन ओळखणारे भाग) साफ करतो तसं स्पिरिटने साफ केलं, पिना घासल्या, झाकणाभोवती सिलिकॉन लावलं. चाललं. अजून चालतंय. बॅटरी जुनी आहे, गाडीवरून काढलं की दोन तासांत मान टाकतं, पण गाडीवर त्याचा प्रश्न येत नाही.

घ्यावं का? महिन्यातून एकदा गणपतीपुळे नाहीतर मालवण करणाऱ्याने घेऊ नये. जुना फोन, त्यात ऑफलाइन नकाशे, थरथर शोषणारा क्लॅम्प, एवढ्यात काम होतं. पावसात थांबून छपराखाली बघायचं. माझ्यासारखं रोज, पावसातही, वाडीवाडीत जाणं असेल तर घ्यावं, पण मे महिन्यात प्रत्येक रबर आणि पीन तपासायची तयारी असेल तरच. आणि पत्ता सापडेल या आशेने तर मुळीच नको. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'मधली वाडी, शाळेच्या मागे'. यंत्राचा मला सर्वात जास्त उपयोग झाला तो माझ्याच साठवलेल्या खुणांचा. एकदा दारात पोचलो की जागा साठवतो, नाव देतो: 'काजू, कुत्रा सोडलेला', 'बंदर काटा, भरतीला जाऊ नये', 'मधल्या सुट्टीआधी पोच'. तीनशेच्या वर झाल्यात.

अर्थात आचऱ्याला एका काकांनी मला पडद्याकडे टक लावून बघताना पाहून सांगितलं होतं, "ह्या मशिन बंद कर आणि वडाकडसून उजव्या हाताक वळ." मी वळलो. बरोबर होतं.

डिसेंबरात राजापूरच्या त्या रेशन दुकानाचा काटा पुन्हा बिघडला. यंत्राने या वेळी शहाण्यासारखा चार किलोमीटरचा वळसा घातला, माझीच दुरुस्ती. पोचलो तर आजी पडवीतच होत्या. म्हणाल्या, "एवढा फिरून कशाला आलास? पाखाडीच्या बाजूनं दिवाळीनंतर सिमेंटचा रस्ता झालाय." घरी येऊन परत नकाशा उघडला.