सहा इंची डॉब टेलिस्कोप, आठ महिने वापरून: गुरू दिसला, डोगॉनवाला तारा नाही

आधीच सांगून टाकतो, टेलिस्कोप चांगला आहे, घ्या. पण मी ज्या कारणासाठी घेतला ते काम अजून झालेलं नाही आणि ते का झालं नाही हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, त्यामुळे लांबण लागणार, घाईत असाल तर शेवटचे दोन-तीन पॅरा वाचा.

झालं असं की मागच्या वर्षी मला रात्री जेवल्यावर ते परग्रहवाल्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. पिरॅमिड कोणी बांधले, पेरू देशातल्या वाळवंटातल्या त्या अवाढव्य नाझ्काच्या रेषा म्हणजे यानांचा रनवे वगैरे. बायको म्हणायची झोप आता, उद्या ऑफिस आहे. त्यातच एकदा डोगॉन लोकांचा व्हिडिओ समोर आला आणि तिथे माझी विकेट पडली. आफ्रिकेतला माली देश, तिथे बांदियागाराचे उंच कडे, त्या कड्यांच्या आधाराने मातीची घरं आणि कोठारं बांधून राहणारी ही जमात. त्यांच्याकडे म्हणे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की व्याधाच्या ताऱ्याभोवती एक बारका, डोळ्यांना न दिसणारा, पण भयंकर जड तारा फिरतो आणि त्याला एक फेरी मारायला ५० वर्षं लागतात. त्या ताऱ्याचं नाव पो तोलो. पो म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यात बारीक धान्य, फोनिओ म्हणतात ते, आपल्या राजगिऱ्याची आठवण व्हावी असं.

आता गंमत बघा, असा तारा खरंच आहे! व्याध म्हणजे सिरियस, आणि त्याचा जोडीदार सिरियस बी. १८४४ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने नुसतं व्याधाचं डुलणं मोजून सांगितलं की याच्याजवळ काहीतरी आहे, आणि १८६२ च्या जानेवारीत अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क हा भिंगं बनवणारा नवीन साडेअठरा इंची भिंग तपासत होता तेव्हा तो पहिल्यांदा दिसला. आकाराने पृथ्वीएवढा आणि वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढं, म्हणजे चमचाभर माल घेतला तर काही टन भरेल. फेरीला ५० वर्षं, तेही बरोबर. मग डोगॉनांना हे कळलं कसं? तर १९७६ साली रॉबर्ट टेंपल नावाच्या लेखकाने पुस्तक लिहून सांगितलं की व्याधाकडून आलेल्या पाण्यातल्या प्राण्यांनी, डोगॉन ज्यांना नोम्मो म्हणतात त्यांनी. त्यात त्याने बाबिलोनचा ओआनेस हा मासा-माणूसही आणून बसवला. रात्री साडेबाराला हे ऐकल्यावर अंगावर काटा येतो हो, खोटं कशाला बोलू.

मग डोक्यात बसलं की हा तारा आपण स्वतःच्या डोळ्याने बघायचा. एका ऑनलाइन दुकानाच्या लिस्टिंगमध्ये तर चक्क लिहिलेलं की सिरियस बी स्पष्ट दिसेल. फोन करून विचारलं, पलीकडचा म्हणाला, "हो सर, एकदम क्लिअर, आमच्याकडचे बरेच कस्टमर बघतात." घेतला. सहा इंची मिरर, १२०० मिमी फोकल लेंथ, लाकडी भुशाच्या बोर्डचा गोल फिरणारा बेस, सोबत २५ आणि १० मिमीच्या दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं.

डिलिव्हरी वेळेत आली पण बेसचे दोन बोल्ट गायब आणि एक कडा टवका उडालेली. फोन केला तर बोल्ट पाठवतो म्हणाले, अजून पाठवतायत. शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून वीस रुपयात आणले. जोडायला तास-दीड तास लागतो, ॲलन की सोबत येते, फार डोकं लागत नाही. सगळं मिळून पंधरा-सोळा किलो भरतं, नळी वेगळी आणि बेस वेगळा असा दोन फेऱ्यांत गच्चीवर जातो. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर आधीच विचार करा.

हा डॉब म्हणजे डॉब्सोनियन प्रकार, जॉन डॉब्सनच्या नावाचा. हा माणूस मला फार आवडला. सॅन फ्रान्सिस्कोला वेदांत सोसायटीत संन्यासी होता, रामकृष्ण संप्रदायातला, वीसेक वर्षं मठात काढली. तिथे राहून भंगारातनं मिळालेल्या काचा घासून टेलिस्कोप बनवायचा आणि रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवायचा, शेवटी त्यापायीच १९६७ ला मठ सोडावा लागला. मोटर नाही, वायर नाही, हाताने ढकलायचं आणि बघायचं. तोटा असा की पृथ्वी फिरते त्यामुळे १२० पटीला ग्रह दीड-दोन मिनिटांत नजरेतून सटकतो, सारखं ढकलत राहावं लागतं. सवय होते.

आता मुख्य मुद्दा, दिसतं काय. चंद्राचं काही सांगत नाही, चंद्र कशातूनही भारीच दिसतो. मृगातला तेजोमेघ, म्हणजे बाणाच्या तीन चांदण्यांच्या खाली जो धुरकट ठिपका आहे तो, शहरातून राखाडी पंख्यासारखा आणि गावाकडून बघितला तर तोंडातून आवाजच निघत नाही. २५ ची आयपीस मस्त आहे. १० ची मात्र कामचलाऊ, कडेला तारे शेपट्या काढतात. सोबतचा लाल ठिपक्याचा फाइंडर, म्हणजे नेम धरायचं साधन, ठीक, पण बटन बंद करायला विसरलात तर सेल गेला. मी तीन गमावले.

आणि व्याध. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला पुण्यातून छान वर येतो, साधारण ५५ अंशांवर. पहिल्या रात्री लावला तर आयपीसमध्ये नुसता वेल्डिंगचा उजेड. निळा, हिरवा, लाल असा लखलखतो, वर आतल्या पत्र्याच्या चार पात्यांमुळे चारी बाजूंनी भाले निघालेले, आणि या सगळ्या झगमगाटात तो बिचारा जोडीदार शोधायचा. व्याध त्याच्यापेक्षा साधारण दहा हजार पट तेजस्वी आहे. दोघांतलं अंतर सध्या ११ विकलांच्या आसपास, आणि गंमत म्हणजे ५० वर्षांच्या फेरीतला हा चांगला काळ आहे. ११ विकला म्हणजे किती, तर अर्ध्या किलोमीटरवर दहा रुपयाचं नाणं धरलं तर जेवढं दिसेल तेवढं. आणि त्या नाण्याच्या एका काठावर हॅलोजन लावलाय, दुसऱ्या काठावर काजवा, आणि काजवा शोधा!

मी आठ-नऊ रात्री घातल्या. मिरर गार व्हायला पाऊण तास बाहेर ठेवायचा, मग बघायचं. सराव म्हणून राजन्य बघा असं एका जाणकाराने सांगितलं, म्हणजे मृगाच्या पायाजवळचा निळसर तारा, त्यालाही साडेनऊ विकलांवर जोडीदार आहे पण तिथे फरक काही शे पटीचाच. तो दिसला! दुसऱ्या रात्री, हवा स्थिर होती तेव्हा, अगदी टाचणीच्या टोकाएवढा. नाचलो मी गच्चीवर. व्याधाचा नाही म्हणजे नाही. आठ इंचीवाल्यांना, दहा इंचीवाल्यांना कधीतरी दिसतो, सहा इंचीतून फार नशीब लागतं. दुकानदाराच्या "बरेच कस्टमर" पैकी एखादा भेटला तर मला त्याचे पाय धरायचेत.

या नादात मग मी डोगॉनांचं पण नीट वाचलं. व्हिडिओत सांगत नाहीत ते असं, की हे व्याधाचं सगळं मार्सेल ग्रिओल आणि जर्मेन दिएतेरलेन या दोन फ्रेंच अभ्यासकांच्या १९५० च्या लेखातून आलंय, आणि तेही मोजक्या चार जणांनी सांगितलेलं. आणि सिरियस बीचं कौतुक तर १९२० च्या दशकापासून चाललेलं होतं, एवढा जड तारा म्हणजे काय प्रकार आहे म्हणून. फ्रेंचांचं राज्य होतं, शाळा होत्या, येणारे-जाणारे होते. कार्ल सेगन हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ म्हणालाच होता की कुणीतरी युरोपियन माणूस गप्पा मारून गेला असेल. पुढे वॉल्टर व्हॅन बीक हा डच मानववंशशास्त्रज्ञ डोगॉनांमध्ये कैक वर्षं राहिला आणि १९९१ ला त्याने लिहिलं की मला तर असं काही सांगणारा कोणी भेटलाच नाही, जे काही ऐकलंय ते ग्रिओलकडूनच ऐकलं असं लोक म्हणतात. त्यांचा सिगुई नावाचा मोठा सण असतो तो ६० वर्षांनी येतो, शेवटचा १९६७ ला सुरू झाला, तो व्हिडिओत ५० च्या फेरीला कसातरी चिकटवतात. दहा वर्षं इकडे तिकडे, चालतंय की!

बरं ते पाण्यातले पाहुणे यायचे कुठून? व्याधाचं वय पंचवीसेक कोटी वर्षं, आपल्या पृथ्वीचं साडेचारशे कोटींच्या वर. म्हणजे तिथे मासा व्हायला सवड कुठेय, आणि त्या काळात शेजारचा तारा, म्हणजे हाच सिरियस बी, फुगून राक्षसी झाला, मग आकसून आजचा झाला. अशा शेजारात कोण घर बांधणार.

पण मला खरं पटलं ते हे वाचून नाही, आजीमुळे पटलं. आजी गावाला असते, भोरकडे, वय ८४. जानेवारीत टेलिस्कोप गाडीत घालून नेला. संध्याकाळी अंगणात लावला, गुरू वर होता, आजीला स्टुलावर बसवलं. आधी तिने उघडा ठेवायचा तो डोळा मिटला, मग नळीला हात लावून गुरू घालवला, तीनदा. शेवटी दिसला तेव्हा बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, ह्याच्याजवळ बारकी बारकी चार काय आहेत रांगेत?" म्हटलं आजी, ते त्याचे चंद्र. "म्हणजे लेकरं म्हण की." झालं. त्यानंतर तिने मला सप्तर्षी दाखवले, तिच्या भाषेत म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर. हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. विदर्भातल्या गोंडांमध्येही बाज आणि चोर हीच गोष्ट आहे, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी शेजारच्या काकू आल्या. मी ओट्यावर चहा पीत होतो. आजी आतून सांगतीये, "गुरूला चार लेकरं आहेत, रांगेत उभी असतात. आमचे मामंजी सांगायचे." मामंजी म्हणजे तिचे सासरे, जन्मात त्यांनी दुर्बीण बघितली नाही! आणि आजी खोटं बोलत नव्हती हो, तिचा चेहरा बघा ना तुम्ही, तिला खरंच तसं वाटत होतं. बाज आणि चोरांच्या शेजारी चार लेकरं जाऊन बसली, शिवण दिसत नाही. उद्या तिथे एखादा वही-पेनवाला फ्रेंच साहेब येऊन बसला असता तर त्याने काय लिहून नेलं असतं? गॅलिलिओच्या आधी भोर तालुक्यात गुरूचे चंद्र माहीत होते, कोणीतरी वरून येऊन सांगितले.

मला तर उलट राग येतो आता, की या व्हिडिओवाल्यांना लोकांचं स्वतःचं आकाश दिसतच नाही. डोगॉनांनी व्याध बघितलाच असणार, त्यांच्याकडून तो आपल्यापेक्षाही वर चढतो. इजिप्तवाले तर पहाटे व्याध परत दिसायला लागला की नाईलला पूर येणार हे ओळखायचे. आपल्याकडे प्रजापती हरीण होऊन रोहिणीच्या मागे धावला, व्याधाने बाण मारला, तो त्रिकांड अजून मृगाच्या पोटात दिसतो. त्याच मृगावरून टिळकांनी १८९३ ला वेदांचा काळ काढायला घेतला. आणि शेतकरी मृग लागला म्हणतो तेव्हा जूनमध्ये मृगाच्या चांदण्या सूर्याआड गेलेल्या असतात, दिसतही नाहीत, तरी हिशोब पक्का. हे सगळं अंगणात बसून मान वर करून केलेलं आहे, त्याला मासे कशाला लागतात?

असो, भरकटलो. घ्यायचा असेल तर: पावसाळ्यात मिररला बुरशी धरते, झाकण लावून आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, मी टाकल्या नाहीत आणि कडेला दोन ठिपके आलेच. बार्लो, म्हणजे आयपीसची पट वाढवणारं जादा भिंग, स्वस्तातली घेऊ नका. ७६ मिमीच्या छोट्या टेलिस्कोपवर "५२५ पट" लिहिलेलं असतं त्याच्या नादी लागू नका, पैसे साठवा आणि हाच घ्या. टेलिस्कोपला पाचपैकी चार, दुकानाला दीड, तोही वेळेत आणून दिला म्हणून.

व्याधाचा नाद सोडलेला नाही. नळीच्या तोंडावर पुठ्ठ्याचा षटकोन कापून लावला की उजेडाचे भाले वेगळ्या दिशांना जातात आणि मधल्या फटीत जोडीदार सापडू शकतो म्हणतात, येत्या जानेवारीत ते करून बघणार आहे. आजीला मात्र आधी काही सांगणार नाही. नाहीतर मला दिसायच्या आत तो मामंजींना दिसलेला असेल.