नमुन्याचा छोटा हातमाग घेताना लाकूड नको, फणी बघा

शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच पातेल्यातलं लागतं. टेबलावर मावणारे, घडी करून गाडीच्या डिकीत टाकता येणारे छोटे माग आता ऑनलाइन सहज मिळतात. पैठण आणि छत्रपती संभाजीनगरकडे साडी किंवा हिमरू शालीचा नवा रंग, नवा काठ मोठ्या मागावर चढवण्याआधी हातभर तुकडा विणून बघायला ते कामाचे आहेत. पण त्या तुकड्याचा ताण, फणी (ताण्याचे म्हणजे उभे धागे ठरावीक अंतरावर ठेवणारा कंगवा) आणि ठोका (बाण्याचा म्हणजे आडवा धागा जवळ बसवण्याचा) मोठ्या मागाच्या जवळपास हवा, नाहीतर नमुना एक आणि माल भलताच.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला रिजिड हेडलचा. यात वह्या (ताण्याचे धागे आळीपाळीने उचलणाऱ्या चौकटी) नसतात, पावड्या (वह्या हलवायला पायाने दाबायच्या पट्ट्या) नसतात. भोकं आणि फटी असलेली एकच पट्टी वही, फणी आणि हात्या (ठोका देणारी चौकट) अशी तिन्ही कामं करते. न्यूझीलंडच्या अॅशफर्ड कंपनीचा सॅम्पलइट हा यातला प्रसिद्ध माग, 25 आणि 40 सेंटीमीटर रुंदीत येतो. दुसरा प्रकार म्हणजे चार किंवा आठ वह्यांचा टेबल माग. वह्या हाताने दांड्या ओढून उचलायच्या. अॅशफर्डचाच केटी हा 30 सेंटीमीटर रुंदीचा, आठ वह्यांचा, घडी होणारा. चार वह्यांचे असे माग चांगला सुतारही करून देतो, फक्त त्याला मोठा माग जवळून दाखवावा लागतो.

आता फणी, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. सॅम्पलइटबरोबर येणाऱ्या पट्टीला इंचाला साडेसात घरं (धागा जाण्याच्या जागा), म्हणजे 10 सेंटीमीटरला 30. आपल्याकडे सुताची ‘30 ची फणी’ म्हटलं की 2 इंचांत 30 घरं. घरात दोन धागे भरले की इंचाला 30 धागे. आकडा तोच, कापड मात्र चौपट दाट. ऑर्डर देताना ‘30’ एवढंच बोललात तर हाती जे येईल त्यावर घोंगडीची जाड लोकर विणता येईल, साडीचं पोत नाही. (घोंगडीचा ताणाही चिंचोक्याची खळ नीट लावलेला हवा, नाहीतर लोकरीचे केस फटीत गुंततात आणि पट्टी पुढेमागे हलेनाशी होते.)

2/20 च्या (20 नंबरच्या दुपदरी) सुताला साध्या विणीत इंचाला 30 ते 32 धागे लागतात. रिजिड हेडलच्या बारीक पट्ट्या इंचाला साडेबारा किंवा पंधरा घरांपर्यंत मिळतात. तेवढ्यावर हे सूत घेतलं तर कापड जाळीदार उतरतं, धुतल्यावर धागे सरकतात. तेव्हा या मागाचा उपयोग रंगांची जुळणी, चौकडी आणि पट्ट्यांचा क्रम पाहण्यापुरता. त्या कामात तो झटपट आहे: दोन तासांत ताणा चढतो, वाया जाणारा धागाही कमी. पोत, झोळ (कापड कसं लोंबतं), वजन यांबद्दल त्याच्या तुकड्यावरून काही बोलू नये. आणि जरीचा धागा ताण्यात अजिबात घेऊ नका. पट्टीच्या कडा प्रत्येक ठोक्याला धाग्यावर घासतात, जरीचा पत्रा उकलतो आणि आतलं रेशीम उघडं पडतं.

चार वह्यांच्या मागावर हे दुखणं नाही, कारण त्याची फणी वेगळी असते आणि बदलता येते. 32 ची फणी घेऊन 8 इंच रुंद नमुना धरला तर 256 धागे झाले, वहीला 64. विकत घेण्याआधी वहीतली डोळी (एकेक धागा ओवायची भोकं) मोजा. स्वस्तातल्या मागांना वहीला 50 च दिलेली आढळतात. मग 200 धाग्यांवर गाडी थांबते आणि रुंदी सव्वासहा इंचांवर येते. ताणा 2 मीटर धरा. त्यातलं अर्धा मीटर मागे-पुढे बांधण्यात आणि शेवटी वह्यांच्या मागे अडकून जातं, थोडं विणताना आखडतं. हाती सव्वा-दीड मीटर कापड येतं. म्हणजे 20 सेंटीमीटरचे सहा नमुने, मध्ये रिकामी जागा सोडून. ताणा-बाणा धरून 2/20 चं सूत 50 ग्रॅमच्या आसपास लागतं. तुटफूट धरून 60 ग्रॅम काढून ठेवा.

ताणा गुंडाळताना वर्तमानपत्राचा कागद वापरू नका. तो दबतो, कडेचे धागे खालच्या थरात घुसतात आणि अर्ध्या विणीत काठ सैल पडतात. जाड खाकी कागद घ्या, ताण्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे 2 सेंटीमीटर जास्त; पहिल्या फेऱ्याला बांबूच्या चपट्या कामट्या टाका. ओवण्यासाठी बारीक तारेचा आकडा करून घेतला तर पुरतो. पुढच्या दांडीला इंच-इंचाचे झुपके बांधले की तळहात आडवा फिरवून बघायचं, जिथे हात बुडतो तो झुपका पुन्हा आवळायचा. पहिलं 3 सेंटीमीटर टाकाऊ जाड सुताने विणा, धागे समान पसरेपर्यंत.

या मागांचं खरं कच्चेपण ताणात आहे. ताणा ज्यावर गुंडाळतात त्या रुळाला दातेरी चाक आणि खिट्टी असते. रूळ 38 मिलिमीटर जाड आणि चाकाला 12 दात असतील तर एका दाताला ताणा सुमारे 10 मिलिमीटर सरकतो. सूत ते सोसतं. 20/22 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) दुपदरी रेशीम मात्र एका दाताला लोंबतं आणि पुढच्याला तारेसारखं होतं, मधला ताण मिळतच नाही. 24 दातांचं चाक असलेला माग मिळाला तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या. नसेल तर एक दात सैल ठेवायचा आणि मागच्या आडव्या दांडीवर, ताण्याच्या खाली 3 मिलिमीटरची कामटी सरकवायची. हवा तेवढाच ताण चढतो. काठाला जरीचे धागे असतील तर ते मुख्य रुळावर गुंडाळू नयेत. ते सुताइतके ताणत नाहीत, चार बोटं विणलं की त्यांचा ताण वेगळा पडून काठ चुरगळतो. जरीचे धागे मागून वेगळे सोडून त्यांना पाण्याची छोटी बाटली टांगा. दीडशे ग्रॅमपासून सुरू करून पाणी वाढवत न्या.

ठोक्याचंही तसंच. खड्ड्याच्या मागाचा हात्या वरून टांगलेला, स्वतःच्या वजनाने येतो. टेबल मागाचा बहुतेकदा खालून बिजागरीवर असतो आणि हलका असतो, त्यामुळे बाणा विरळ बसतो. हात्याच्या मागच्या बाजूला 300 ग्रॅमची लोखंडी पट्टी स्क्रूने बसवली की फरक लगेच दिसतो. हात्या मधोमध धरून ओढा; एका टोकाला धरला तर त्या बाजूचा काठ दाट आणि दुसरा विरळ होतो. दर 4-5 सेंटीमीटरला कापड पुढे गुंडाळा, नाहीतर ठोक्याचा कोन बदलत जातो. आणि माग टेबलाला शिकंजाने आवळा. एवढं केल्यावर तो सरकत मागे जायचा थांबतो.

मोठ्या मागाचा धोटा (बाणा इकडून तिकडे नेणारं साधन) इथे चालत नाही, ताण्याच्या दोन थरांमधली फट जेमतेम 3-4 सेंटीमीटर उघडते. चपटी लाकडी पट्टी पुरते. पैठणीच्या कामात मात्र ही अडचण अडचणच नाही: मुनिया किंवा नारळी काठाचे रंग छोट्या तिल्ल्यांनीच (धागा गुंडाळलेल्या काड्यांनी) भरायचे आणि एकमेकांत अडकवायचे असतात. त्या कामाला चार वह्यांचा माग पुरतो, उलट बसल्या बसल्या दोन्ही बाजू तपासता येतात. हिमरूचा एखादा बुट्टा बघायचा असेल तर जमिनीची वीण वह्यांवर ठेवून बुट्ट्याचे धागे वह्यांच्या मागे पट्टीने उचला. संथ काम आहे, पण बुट्टा कागदावर आखलेला तसाच उठतो की नाही ते दोन इंचांत कळतं. मशरूला चार वह्या पुरत नाहीत. रेशीम वर आणि सूत खाली राखणाऱ्या सातीन विणीला किमान पाच वह्या हव्यात, आठ असतील तर चकाकी खरी उतरते. मशरू करणाऱ्याने आठ वह्यांचाच माग घ्यावा. बाकीच्यांनी ते पैसे दोन जास्तीच्या फण्यांवर घालावेत.

उदगीरकडच्या खादीसारखं हातकताईचं एकेरी सूत लावणार असाल तर पाजणी केल्याशिवाय (खळ दिल्याशिवाय) लावू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते वहीच्या डोळीत तटातट तुटतं. भिजवून घट्ट पिळलेलं फडकं मागच्या रुळाखाली टांगा, सूत ओलसर हवेत टिकतं. याच दिवसांत नव्या लाकडाचे सांधेही आकसतात. खिट्टी निसटायला लागली तर आधी स्क्रू आवळून बघा, चाक बदलायची घाई नको.

मागावरून उतरल्यावर 8 इंचांचा तुकडा सव्वासातच्या आसपास भरतो, सुती असेल तर धुतल्यावर आणखी आकसतो. गिऱ्हाइकाला धुतलेला तुकडा द्या आणि त्याला चिठ्ठी टाचा: सुताचा नंबर, फणी, इंचाला बाणा किती, धुण्याआधीची आणि नंतरची रुंदी. मोठ्या मागावर बसणाऱ्या कारागिराला रंगापेक्षा या चिठ्ठीची गरज जास्त असते.

फणी साध्या लोखंडाची असेल तर पावसाळ्यात तिला गंज धरतो आणि पांढऱ्या ताण्यावर तपकिरी रेघा उठतात. माग बंद ठेवताना फणी काढून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून सुक्या कापडात गुंडाळा. पुन्हा चढवण्याआधी घराघरातून टाकाऊ सुताचा झुपका ओढून तेल पुसून घ्या, नाहीतर पहिला नमुना त्या तेलातच जातो.