एक्स-रेवर नजर कोणाची: केंद्राची की राज्याची?

कोल्हापुरातलं एक्स-रे मशीन असो की गुवाहाटीतलं सीटी, परवाना एकाच संस्थेचा: १९८३ मध्ये स्थापन झालेल्या, मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या एईआरबीचा, म्हणजे केंद्राच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा. त्यामुळे नियम देशभर सारखे. तंत्रज्ञाने लेड (शिशाच्या) एप्रनच्या आत, छातीशी टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते टिपणारा बिल्ला) लावायचा, दर तिमाहीला तो मोजणीला जातो. तंत्रज्ञाच्या डोसची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणांचा डोस मोजायचं एकक).

अमेरिकेत मशीनच्या निर्मितीचे निकष संघराज्याचे, पण दवाखान्यातला वापर, नोंदणी, तपासणी बहुतांशी राज्यांकडे. मॅमोग्राफीला मात्र १९९२ चा देशव्यापी कायदा आहे. तंत्रज्ञाची वार्षिक मर्यादा तिथे ५० मिलिसिव्हर्ट, म्हणजे इथे आपला नियम कडक.

तरी राज्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला मनापासून पटते. सीटी स्कॅनमध्ये रुग्णांना जादा डोस गेल्याचं उघड झाल्यावर कॅलिफोर्नियाने देशाची वाट पाहिली नाही. २०१२ पासून तिथे सीटीच्या रिपोर्टमध्ये डोस लिहावाच लागतो. रुग्णाच्या हातात आकडा येतो!

नियम एकच असावा, यावर माझं मत ठाम आहे. पण तालुक्याच्या गावातल्या एका खोलीत, दार नीट लागतंय का, एप्रन फाटलाय का, हे बघायला जवळचा माणूस हवा. केरळने त्यासाठी स्वतःचं रेडिएशन सुरक्षा संचालनालय उभारलं आहे.