साप घेऊन लांबचा रोड ट्रिप: टँकसकट, पिशवीत की ओव्हरनाइट पार्सल?

समजा डॅलसहून मिनिॲपोलिसला बिऱ्हाड हलवायचंय, आय-३५ हायवे धरून सरळ वर, थांबे धरून सोळा-सतरा तासांचा रस्ता, आणि घरात एक बॉल पायथन, म्हणजे पाळीव बिनविषारी अजगर, आहे. मूव्हर्स जिवंत प्राणी घेत नाहीत, म्हणजे नेण्याचं बघायचं तुम्हालाच. तीन पर्याय आहेत: टँकसकट, म्हणजे राहत्या काचेच्या पेटीसकट, गाडीत ठेवायचा, कापडी पिशवीत घालून डब्यातून न्यायचा, नाहीतर ओव्हरनाइट कुरियर. मी पिशवी-डबावाला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशोब लावता येईल.

टँकसकट नेणं सगळ्यात सोपं वाटतं, कारण त्याचं घर त्याच्याबरोबर, बिचाऱ्याला परकं वाटायला नको वगैरे. पण आत पाण्याचा बाऊल आहे, लाकडाचा ओंडका आहे, हाइड म्हणजे लपायची ढोली आहे, आणि करकचून ब्रेक लागला की हे सगळं त्याच्या अंगावर येतं. वरची जाळी सरकते ती वेगळीच. काच गारही लवकर पडते. आणि मुळात सापाला प्रवासात मोकळी जागा नकोच असते, चारी बाजूंनी काहीतरी अंगाला टेकलेलं असलं आणि अंधार असला की तो गप्प पडून राहतो. टँक रिकामा करा, ब्लँकेटात गुंडाळा, सामानाच्या ट्रकमध्ये जाऊ द्या.

पिशवी म्हणजे महागडी काही नाही, घट्ट विणीचा सुती उशीचा अभ्रा चालतो. उलटा करून घ्या म्हणजे शिवणीचे दोरे बाहेर राहतात, आत सापाला अडकत नाहीत, आणि कोपरे तपासा, बोट जाईल एवढी उसवण असली तर सापाचं डोकंही जातं. साप आत गेला की तो खाली आहे हे हाताने चाचपून बघा, मग वरचं कापड पिळा, दुमडा आणि त्या दुमडीवर झिप टाय (प्लॅस्टिकची आवळपट्टी) आवळा. नुसती गाठ मारली तर साप तोंडाने रेटत रेटत ती सैल करू शकतो. ही पिशवी क्लिपवाल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, बाजूंना भोकं पाडलेली, तळाला किचन पेपर, लाकडाचा भुसा नको. पाण्याचा बाऊल चालत्या गाडीत ठेवायचा नाही, सांडून सगळं ओलं होतं आणि ओला साप गारठतो. थंडीचे दिवस असले तर डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पण तिलाही भोकं हवीत आणि झाकण गच्च लावायचं नाही.

डबा ठेवायचा कुठे, तर पुढच्या सीटच्या मागे खाली, नाहीतर मागच्या सीटवर बेल्ट लावून. डिकीत नको, सामानाच्या ट्रकमध्ये तर अजिबात नको, तिथे एसी नाही की हीटर नाही. थर्मामीटरची वायर डब्यात सोडा आणि आकडा ७५ ते ८५ फॅरनहाइटमध्ये राहील असं बघा, म्हणजे साधारण २४ ते २९ सेल्सिअस. गाडीतल्या माणसांना थोडं उकडलं तर उकडू दे. हीट पॅकची हौस गाडीत करू नका, तो पिशवीला टेकला तर साप भाजतो आणि तो आपोआप बंद होत नाही. उलट खरी भीती उन्हाची, बंद गाडी दहा मिनिटांत वीसेक डिग्री फॅरनहाइटने तापते, त्यामुळे जेवायला दोघांनी आळीपाळीने उतरायचं. (सासूबाई मागच्या सीटवर असतील तर डब्यात काय आहे हे ओक्लाहोमा सिटी गेल्यावर सांगा.)

कुरियरचं गणित निराळं आहे. यूएसपीएस, म्हणजे सरकारी पोस्ट, साप घेतच नाही. फेडेक्सची ओव्हरनाइट सेवा चालते, पण त्यांची परवानगी असलेल्या रेप्टाइल शिपिंगवाल्यांमार्फत, आपण उठून काउंटरवर नाही न्यायचा. साप एका रात्रीत पोचतो, ही जमेची बाजू मोठी आहे. पण तिकडे घ्यायला माणूस लागतो, टँक आधीच लावून तयार लागतो, आणि नेमकं तुम्ही शिफ्ट होताय तेव्हा या दोन्ही गोष्टी नसतात. शिवाय जानेवारीत मिनेसोटात किंवा जुलैत टेक्ससमध्ये धोका इतका वाढतो की शिपिंगवालेच थांबा म्हणतात. तुम्ही विमानाने जाणार असाल, तिकडे मित्र असेल आणि हवा बरी असेल तर कुरियर पाठवा, सोमवार ते बुधवारच्या आत, म्हणजे पार्सल वीकेंडला अडकत नाही. गाडी जाणारच असेल तर उगाच पैसे कशाला घालवायचे?

कायद्याचं एकच बघा, वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम. उदाहरणार्थ, जॉर्जियात कॉर्न स्नेक तिथला स्थानिक साप असल्यामुळे पाळता येत नाही, बॉल पायथन चालतो. हवाईत कुठलाच साप चालत नाही. (आणि इंडियात काकाकडे धामण होती म्हणून कोणी हे सगळं तिकडे करायला जाऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले देशी साप पाळायला बंदी आहे.)

रात्री मोटेल घ्यायचं असेल तर बुकिंग करतानाच साप आहे म्हणून विचारून घ्या, पेट फ्रेंडली म्हणजे त्यांच्या डोक्यात कुत्रा असतो. डबा खोलीत न्या, हीटर लावा, आणि अंग मोकळं करायला म्हणून बाथरूममध्ये सोडू नका, सिंकखालच्या पाइपाच्या भोकातून गेला तर भिंत फोडावी लागेल. निरोगी मोठ्या सापाला एक रात्र पिशवीत काही होत नाही.

निघण्याआधी आठवडाभर उंदीर बंद, भरल्या पोटी हलवला तर ओकतो आणि ते त्याला फार महागात पडतं. पोचल्यावर आधी टँक लावा, थर्मोस्टॅटवर आकडा स्थिर झाला की मग पिशवी सोडा, आणि पुन्हा पाच-सात दिवस खायला देऊ नका. त्यानंतरही बॉल पायथनने काही आठवडे तोंड फिरवलं तर रोज उंदीर नाचवत बसू नका, किचनच्या काट्यावर वजन करा, ते टिकून असेल तर त्याला राहू दे उपाशी.