कास्टच्या नावाखाली स्टायरीन : माझे २४,२४० रुपये पाण्यात गेले, तेही अक्षरशः

आधीच सांगतो, मी या बाबतीत अडाणी नाही. वीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केलंय, घरात जाडी मोजायचा वर्निअर आहे, चार बाय दीड बाय दोन फुटांची माशांची टाकी सहा वर्षं सांभाळतोय. तरीही मला एका पंचविशीतल्या पोराने व्यवस्थित टोपी घातली. लिहायला लाज वाटते. पण टाकीखाली घरीच सम्प (टाकीतलं पाणी गाळून परत वर पाठवणारी पेटी) करायचा विचार असेल आणि त्यासाठी अॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या प्लॅस्टिकची, शीट शोधत असाल, तर माझी लाज तुमच्या कामी येऊ दे.

बायको पहिल्यापासून सम्पला 'संप' म्हणते. "काचेचा कर, स्वस्तात होईल," असं ती म्हणाली होती. बरोबरच होतं तिचं. पण मला पाइपासाठी भोकं पाडायची होती, आतले पडदे माझ्या मापाने हवे होते. काचेला घरी भोक पाडायची माझी हिंमत नाही. अॅक्रिलिकला होल-सॉ लावला की झालं. म्हणून अॅक्रिलिक. माप ३६ बाय १५, उंची १६ इंच. शीट १० एमएमची आणि कास्टच, म्हणजे ओतून केलेलीच हवी, हे पक्कं होतं. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त असते, पण तिच्यात ताण अडकलेला असतो, सांधे जोडायचा क्लोरोफॉर्म लागला की कडेला केसासारख्या रेघा उमटतात.

ऐरोलीतून दोन ठिकाणी भाव विचारले. आठ बाय चार फुटांच्या पूर्ण शीटला १४,५०० अधिक जीएसटी. तिसरा भाव ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका गाळ्यातून आला : ११,८००. ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून शनिवारी स्वतः जाऊन आलो. म्हणजे घरबसल्या फोनवर फसलो असंही नाही.

आणि त्या पोराने काय केलं माहितीये? त्याने मलाच शिकवलं. "काका, सांध्याच्या कडा लेझरने कापून घेऊ नका, उष्णतेने ताण राहतो, राउटरच्या फिरत्या पात्याने कापून देतो." खरं आहे. "कडा ज्योतीने चमकवू नका, चिकटवल्यावर तडकतील." हेही खरं. "पूर्ण शीट पस्तीस किलोची भरते, लिफ्ट नसेल तर दोन पोरं पाठवतो." तंतोतंत खरं, हिशोब करून बघा : २.४४ गुणिले १.२२ गुणिले ०.०१ मीटर, घनता ११९०, येतात ३५.४ किलो. जाताना काडेपेटीएवढा नमुना हातात दिला, तो अस्सल कास्टचा. शीट सोडून त्या माणसाची प्रत्येक गोष्ट खरी होती. थापा मारणाऱ्याला मी ओळखलं असतं हो, पण हा बरोबर बोलत होता.

मग हळूच म्हणाला, "बिल लावलं तर अठरा टक्के वाढतील." म्हणजे २,१२४ रुपये. मी "राहू दे बिल" म्हणालो. झालं. आता कुणी मला शहाणपण शिकवू नये, छातीवर हात ठेवून सांगा, तुम्ही नसतं म्हटलं? ५,००० आगाऊ यूपीआयने दिले. स्क्रीनवर गाळ्याचं नाव नाही, कुण्या बाईचं नाव. "वहिनीचं खातं आहे, काका." बरं. गाळ्याच्या नावाशी खात्याचं नाव जुळत नसेल तर तिथेच उठा. चहा आला असेल तर चहा टाकून उठा.

बुधवारी माल आला. तिसरा मजला, लिफ्ट दुरुस्तीला. मी दारातच उभा होतो. जिन्यावरून एकच पोरगा आला, किरकोळ अंगाचा, असेल अठरा-एकोणीसचा. सगळ्या तुकड्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा, उरलेल्या पट्ट्यांसकट, एका खांद्यावर. दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर तो गावाकडे कुणाशी तरी बोलत होता. तीन मजले चढून! धापसुद्धा लागली नव्हती. पस्तीस किलो, दोन माणसं, असं चार दिवसांपूर्वी मला सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती. आणि मी काय म्हणालो? "वा रे पठ्ठ्या, दमदार आहेस!" वर पन्नास रुपये दिले.

ते पन्नास रुपये मला अजून टोचतात. उरलेले ६,८००, कापणीचे १,१०० आणि टेम्पोचे ७०० मी त्यानंतर दिले, त्यानंतर! वजनकाटा पलंगाखाली होता. तीन पावलांवर. पुढे सगळं फुटल्यावर तुकडे त्यावर रचले तर भरले साडेचोवीस किलो.

वर्निअर मात्र लावला होता, तेवढा तरी मान राखा. ८ एमएम निघालं. लगेच फोन केला. "काका, कास्टमध्ये टॉलरन्स असतो, दहाची शीट पूर्ण दहा कधीच नसते." हेही अर्धं खरंच. कास्ट शीट काचांच्या मधे ओतून करतात, जाडी कमीजास्त होते, दहाच्या जागी नऊ, अगदी साडेआठपर्यंत चालतं. पण मग ती जागोजागी वेगळी यायला हवी ना? माझी चारही कोपऱ्यांत ८.० होती. कोपरा फिरवून फिरवून मोजला आणि काय छान एकसारखी आहे म्हणून खूश झालो. गाढवपणाला काही सीमा!

जोडताना सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडला तेव्हा सांधे पांढरट पडले. जुलै होता. दमट हवेत सांधा पांढरा पडतो हे मला ठाऊक होतं, म्हणून पावसावर ढकललं. कमी जाणणारा माणूस कदाचित घाबरला असता आणि वाचला असता.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला धाड करून आवाज झाला. पुढची शीट सांध्याशेजारून तिरकी तडकली होती. सम्पमधलं जवळजवळ शंभर लिटर पाणी हॉलमध्ये. मासे वाचले, कारण वरच्या टाकीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीखाली उतरत नाही. हीटर कोरडा तापून फुटला, १,४५०. खालच्या काकूंच्या हॉलचं पीओपी गळून पडलं, ८,५००. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या छताकडे बघत राहिल्या, ते जास्त लागलं. क्लोरोफॉर्म, सिलिकॉन वगैरे ६४० धरले तर सगळे मिळून २४,२४०.

तपासणी केली ती नववीतल्या मुलीने. लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम मीठ, त्यात नमुना टाकला, बुडाला. माझ्या शीटचा तुकडा टाकला, तरंगला. अॅक्रिलिकची घनता १.१९, पॉलिस्टायरिनची (म्हणजेच स्टायरीनची) १.०५, मिठाचं ते पाणी दोन्हींच्या मधे. फोटोफ्रेमला वापरतात तो माल, बाजारात जीपीपीएस म्हणतात. मीठ वीस रुपयांचं! तुम्ही हे पैसे देण्याआधी करा, आणि नमुन्यावर करू नका, आलेल्या मालावर करा. वरच्या तपकिरी कागदावर तर मुळीच जाऊ नका, माझ्या तुकड्यांवर कागदाच्या खाली आणखी एक प्लॅस्टिकची फिल्म निघाली. एखादी पट्टी गच्चीत जाळून बघा : काळी काजळी उडाली तर स्टायरीन. अॅक्रिलिक फारशी काजळी न करता जळतं.

आता तक्रारीची कथा. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "व्यवहार कुठे झाला? ठाण्यात. मग ठाण्यात जा." ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात, गाळा ठाणे आयुक्तालयात. गेलो ठाण्यात. तिथे विचारलं, "माल कुठे घेतला? ऐरोलीत. मग तिकडे जा." मधे खाडी, आणि मी खाडीवरून चार वेळा ये-जा केली. एका साहेबांनी तर, "माशांची पेटी फुटली म्हणून गुन्हा दाखल करू?" असं विचारून शेजारच्या टेबलाला हसवलं. हा दिवाणी मामला आहे म्हणाले. दहा एमएम कास्ट सांगून आठ एमएम स्टायरीन गळ्यात मारणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर घेता येते, हे १ जुलै २०२४ पासून कायद्यातच लिहिलंय. मी कागद छापून नेला. कागद ठेवून घेतला. पोच मिळाली नाही. पोच मागितली तर "विश्वास नाही का?" विश्वास! विश्वासानेच तर इथवर आलो, साहेब.

ग्राहक म्हणून एका ठिकाणी फोन लावला, पहिला प्रश्न : बिल नंबर? तिथे माझी बोलती बंद. नंतर एका वकील मित्राने सांगितलं की यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून चालतं, जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनही दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. म्हणून चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं होतं.

त्याने मला ब्लॉक केलंय. परवा बायकोने स्वतःच्या फोनवरून लावला, सम्पसाठी शीट हवी म्हणून. अगदी आदबीने बोलला. "हो ताई, प्युअर कास्ट, पस्तीस किलोची भरते, लिफ्ट आहे ना तुमच्याकडे?" भाव आता १२,५०० झालाय. बिनबिलाचा.