हलकं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर : सोळा महिने सॅकबरोबर वागवल्यानंतर

तीन गोळ्या सुटल्या. चौथ्या वेळी चाप अर्ध्यावर येऊन थांबला तो थांबलाच. काडतुसं धरणारा सिलिंडर पुढे फिरेना आणि बाजूला उघडेनाही. नेमबाजीच्या रेंजवर देखरेखीला असलेल्या गृहस्थांनी मला नळी मातीच्या बांधाकडेच धरून ठेवायला सांगितली. वाकून बघितलं तेव्हा दिसलं की एका काडतुसाची गोळी पुंगळीतून सरकून सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली होती. किती? तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. तेवढ्याने सगळं रिव्हॉल्व्हर अडलं होतं. लाकडी पट्टीने ते टोक हलकेच आत दाबून सिलिंडर मोकळा करायला पंधरा मिनिटं गेली.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बोझमनच्या बाहेरची रेंज, ऑक्टोबरमधली सकाळ. घरी येताना गाडीत माझे हात गार पडले होते, आणि त्याचं कारण थंडी नव्हती. अस्वलांपासून बचावासाठी हेच रिव्हॉल्व्हर आणि हीच काडतुसं घेऊन मी जून ते सप्टेंबर गॅलटिन आणि बेअरटूथच्या डोंगरांत हिंडले होते. अकरा रात्री ते तंबूत उशाशी होतं. त्यांतल्या एखाद्या रात्री खरोखर वेळ आली असती तर माझ्याकडे सहा नाही, तीनच गोळ्या होत्या.

मॉडेलची माहिती थोडक्यात सांगते. .४४ मॅग्नम हे काडतुसाचं माप, जोरदार झटक्याचं. हलक्या मिश्रधातूची बॉडी, सहा काडतुसं, रिकामं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. त्याच मापाचं स्टीलचं घेतलं तर १२०० ग्रॅमच्या घरात जातं. पाच दिवसांचं सामान पाठीवर असताना अर्धा किलो म्हणजे एका दिवसाचं जेवण. म्हणून मी तेराशे डॉलर मोजून हलकं घेतलं. तेराशे डॉलर आमच्या घरी सहज निघत नाहीत. दुकानात हातात घेतलं तेव्हा वाटलं, हे कमरेला आहे हे कळणारसुद्धा नाही.

दोष माझ्याकडेही होता, तो आधी सांगते. सराव मी .४४ स्पेशल या सौम्य काडतुसांवर करत होते. .४४ मॅग्नममध्ये ती काडतुसं बसतात आणि झटका सोसवतो. जंगलात न्यायची ती ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), ओतीव कडक शिशाची काडतुसं. वीसचा डबा पन्नास डॉलरच्या वर, आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमधून त्यांचा झटका असा की तळव्याला दुसऱ्या दिवशी ठणका लागतो. म्हणून सुरुवातीला एक-दोन उडवून बाकीची जपून ठेवली. सलग सहा कधी उडवलीच नव्हती. पैसे वाचवले ते नेमके चुकीच्या जागी.

गोळी बाहेर का येते, तर जडत्व. आमच्या अकोल्याकडे कुऱ्हाड सैल झाली की आप्पा दांड्याचं बूड दगडावर आपटायचे. दांडा थांबतो, पातं जडपणामुळे खाली येत राहतं आणि घट्ट बसतं. इथे तेच, पण उलट्या दिशेने. गोळी झाडली की रिव्हॉल्व्हर जोरात मागे उसळतं. उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या बुडाच्या कडेने धरलेल्या असतात, त्या त्याच्याबरोबर मागे ओढल्या जातात. आतली जड गोळी मात्र जागच्या जागी राहू बघते. पुंगळीच्या तोंडाची कडा आत दुमडून गोळी पकडलेली असते, त्याला क्रिंप म्हणतात. पकड कमी पडली की गोळी दर झटक्याला थोडी थोडी पुढे सरकते. रिव्हॉल्व्हर जितकं हलकं तितकं ते जास्त वेगाने उसळतं, आणि गोळी जितकी जड तितकी ती हट्टी. माझ्याकडे अगदी हलकं रिव्हॉल्व्हर आणि अगदी जड गोळी अशी जोडी होती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पहिल्या बाईंनी दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने ईमेल करायला सांगितलं, ईमेलला नऊ दिवस उत्तर नाही. मग त्यांनी पार्सलचं लेबल पाठवलं, मी रिव्हॉल्व्हर पाठवलं, आणि पाच आठवड्यांनी ते जसंच्या तसं परत आलं. सोबत एका ओळीची चिठ्ठी : तपासलं, दोष आढळला नाही, काडतुसं बदलून बघावीत. तपासताना कुठली काडतुसं वापरली, किती उडवली, शेवटच्याची लांबी मोजली का, याचा एक शब्दही नाही. त्या रात्री मी हाच अनुभव लिहायला बसले होते आणि मथळ्यात 'घेऊ नका' असं लिहिलं होतं.

ते मत आता तसंच राहिलेलं नाही. चिठ्ठी उद्धट होती, पण मुद्दा बरोबर होता. मॅन्युअल उघडलं तर हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सरकू शकते, आधी तपासून घ्या, अशी सूचना त्यात होती. बारीक अक्षरांत, पण होती. माझा राग आता एवढाच, की ही सूचना डब्याच्या झाकणावर ठळक हवी. हलक्या रिव्हॉल्व्हरचं हे लक्षणच आहे, ते विकतानाच सांगा. अस्वलासाठी म्हणून हे विकता, अस्वलासाठी लोक जड गोळीच घेणार हे तुम्हाला माहीत आहे.

डिसेंबर ते मार्च बहुतेक अस्वलं गुहेत असतात, त्यामुळे मोजमापाला वेळ मिळाला. नवऱ्याकडून डिजिटल कॅलिपर घेतला. पद्धत सोपी आहे. सहा काडतुसं भरायची. एकावर मार्करने खूण करून त्याची लांबी लिहून ठेवायची. बाकीची पाच उडवायची, खूण केलेलं काढून पुन्हा मोजायचं. चार प्रकार असे तपासले. अडकलेल्या काडतुसांचा दुसरा डबा : तीन गोळ्यांत २ मिलिमीटरच्या पुढे, तिथेच थांबले. दुसऱ्या कुणाची ३०० ग्रेनची : पाचांत ०.९. तांब्याचं आवरण असलेली २४० ग्रेनची एक : ०.४. त्याच वजनाची दुसरी : ०.१, आणि तीनदा करून बघितलं तरी ०.१ च. वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. आता तीच वापरते, आणि नवा डबा आणला की त्यातलं एक मोजल्याशिवाय डोंगरात जात नाही. नवरा म्हणतो, तू दुधाच्या सायीसारखं ते ०.१ बघत बसतेस. बसते. ती साय एकदा बाहेर आली होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. न उडवलेलं काडतूस सिलिंडरमध्ये तसंच ठेवून पुन्हा पुन्हा सराव करू नका. दर वेळी ते झटके खातं. मी आता सराव झाला की सहाही नवी भरते आणि जुनी पुढच्या सरावात उडवून टाकते.

इथे आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी थोडं कायद्याचं, कारण याबाबत गैरसमज खूप आहेत. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा व्हिसावर असताना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला साधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना हा एक अपवाद आहे, पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाला विचारा, मित्राला नाही. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कुणाच्या रिव्हॉल्व्हरला हातही लावला नाही. मोंटानात २०२१ पासून बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना न काढता बाळगता येतं. राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे नेता येतं, पण उद्यानाच्या सरकारी इमारतींत नाही. म्हणजे यलोस्टोनच्या व्हिजिटर सेंटरमध्ये पाय ठेवण्याआधी ते गाडीत कुलूपबंद राहिलं पाहिजे. ग्लेशियर उद्यानाहून पलीकडे कॅनडातल्या वॉटरटनला जाणार असाल तर ते घरीच ठेवा. आणि ग्रिझली, म्हणजे इथलं मोठं तपकिरी अस्वल, १९७५ पासून इकडे संरक्षित आहे. जीव वाचवायला गोळी झाडली तरी लगेच कळवावं लागतं आणि चौकशी होते.

आता त्यानंतरच्या जूनमधला प्रसंग. गॅलटिन रांगेत एकटी होते, वाटेला वळण, डाव्या हाताला ओढ्याचा आवाज. एरवी मी वळणाआधी मोठ्याने हाक देते, 'ए, आले गं बाई!' मराठीतच, अस्वलाला काय फरक पडतो. त्या वळणावर दिली नाही. समोर तीसेक पावलांवर मादी आणि तिच्यामागे पिल्लू. मादीने डोकं वर केलं. माझा उजवा हात कमरेकडे गेला आणि सॅकच्या कमरपट्ट्यावर आपटला. होल्स्टर पट्ट्याच्या खाली दबलेलं होतं. बोटांना मुठीचा फक्त कोपरा लागला. चार महिने मी मिलिमीटर मोजत होते आणि मुळात हत्यारापर्यंत हातच पोचत नव्हता.

डावा हात खांद्याच्या पट्ट्यावरच्या, अस्वलावर मारायच्या मिरचीच्या स्प्रेपर्यंत पोचला. पिन काढली, डबा समोर धरला, मागे मागे सरकत हळू आवाजात बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. तिने दोनदा नाकाने फुसकारा टाकला, जबडा वाजवला आणि पिल्लाला घेऊन उतारावर निघून गेली. स्प्रे उडवावा लागला नाही. नंतर पाय इतके थरथरत होते की एका ओंडक्यावर बसून अर्धी बाटली पाणी प्यायले.

त्यामुळे जे 'रिव्हॉल्व्हर की स्प्रे' विचारतात त्यांना माझं उत्तर : आधी स्प्रे. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास केले आहेत. २००८ च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा कामाला आला. २०१२ च्या अभ्यासात २६९ घटना होत्या, त्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के आणि लांब बंदूक ७६ टक्के. दोन्हींतले प्रसंग सारखे नाहीत, त्यामुळे ९२ आणि ८४ ची थेट तुलना करू नये. मला जास्त महत्त्वाची वाटते ती २०१२ च्याच अभ्यासातली गोष्ट : जवळच्या चकमकीत ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांनी ती वापरली किंवा नाही वापरली, जखमी होण्याचं प्रमाण सारखंच निघालं. उसळत येणाऱ्या जनावरावर नेम धरणं किती कठीण आहे ते रेंजवर झाडलेल्या माणसाला विचारा. स्प्रेचा ढग निदान रुंद असतो. मात्र स्प्रे विमानातून अजिबात नेता येत नाही, चेक-इनमध्येही नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, कडक पेटीत कुलूप लावून, काउंटरवर सांगून नेता येतं. त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांनी स्प्रे इथे उतरल्यावर घ्यावा आणि तळाची मुदत बघून घ्यावा.

मग रिव्हॉल्व्हर ठेवलं कशाला? तंबूसाठी. बंद तंबूत स्प्रे उडवला तर आधी मीच आंधळी होईन. आणि वारा तोंडावर असतो त्या खिंडींसाठी.

जुलैत छातीवर बांधायचं होल्स्टर घेतलं, दीडशे डॉलर. सॅक चढवायच्या आधी ते बांधायचं, म्हणजे सॅकचे पट्टे वरून येतात. मूठ बरगड्यांच्या खाली, उजव्या हाताला सरळ सापडते. बसल्यावर, वाकल्यावर, तंबूत सरपटतानाही सापडते. खड्या चढावर गुडघा उचलला की नळीचं टोक पोटाला लागतं आणि आतून घाम धरतो, म्हणून रात्री पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. हा खर्च मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. कमरेवरचं होल्स्टर सॅकवाल्यांना विकूच नये असं माझं ठाम मत झालंय.

याच बांधणीत सहकाऱ्याचं ग्लॉक २० पिस्तूल एक शनिवार बांधून बघितलं. १० मिमी, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, भरल्यावर अकराशे ग्रॅमच्या वर. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगते. झटका माझ्या रिव्हॉल्व्हरच्या मानाने सुसह्य, दुसरी गोळी पटकन नेमावर येते. माझा हात लहान आहे, त्यामुळे मूठ मला जाड पडली आणि नीट पकडायला हात वळवावा लागत होता. लांब बोटांच्या माणसाने मी सांगतेय त्याच्यापेक्षा ते आधी बघावं. नव्याने घ्यायचं असतं तर मी स्टीलचं रिव्हॉल्व्हर घेतलं असतं आणि अर्धा किलो कॅम्पच्या सामानातून कमी केला असता. आता विकून अर्धे पैसेही येणार नाहीत, आणि ०.१ वर मला भरवसा आहे, म्हणून हेच ठेवणार.

गेल्या आठवड्यात आप्पांशी बोलणं झालं. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, पण आप्पा आयुष्यभर काठी आणि बॅटरी घेऊनच रात्रीचं पाणी द्यायला गेले. अभयारण्यात तर तिकडे परवानगीशिवाय हत्यार नेताच येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'वळणावर हाक का नाही मारलीस?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. दमले होते, एवढंच.

३०० ग्रेनची ती अडकणारी काडतुसं अजून घरात आहेत, तेवीस. जड स्टीलच्या .४४ मध्ये ती नीट चालतात असं रेंजवर दोघांनी उडवून दाखवलं. बोझमनच्या आसपास ज्याच्याकडे तसं आहे त्याने घेऊन जावीत, पैसे नकोत. फक्त पाच उडवून सहावं मोजा आणि मला आकडा कळवा, वहीत लिहायचा आहे.